अल्बममधलं आभाळ कुठलं?

डिसेंबरात उसाला तुरा आला, की सदलग्याच्या शिवारात फोटो फार देखणा मिळतो आणि संध्याकाळी संगणकावर तोच फोटो फार छळतो. बांधावर नवरा-नवरी उभी, मागे रुपेरी तुऱ्यांची रांग, वर दुपारचं पांढरंफटक आभाळ. घरचे म्हणतात, "आभाळ जरा भरून घाला की." सोबतची आत्या कानडीत सांगते, मोड पाहिजेत, म्हणजे ढग. आता एक बटण दाबलं की आभाळ बदलतं. पण तोच फोटो दोनशे टक्के मोठा करून पाहिला, की तुऱ्याच्या केसाकेसांत जुनं पांढरं आभाळ अडकलेलं दिसतं. प्रत्येक तुऱ्याभोवती फिकी कड, चुन्यात बुडवून काढल्यासारखी. ती कड घालवायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते.

फोटोत आभाळ बदलावं का, किती बदलावं आणि बदललं तर सांगावं का, हा वाद सॉफ्टवेअरबरोबर आला असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो छायाचित्रणाच्या जन्मापासूनचा आहे. आज तो कुठवर आला आहे आणि चिकोडी-निपाणीच्या या पट्ट्यात त्याचं रूप काय आहे, ते इथे क्रमाने मांडतो.

आभाळ पांढरं का येतं

आपला डोळा वर बघताना आकसतो, सावलीत बघताना मोठा होतो, आणि दोन्हींचं मिळून एक चित्र मेंदू तयार करतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच उजेड धरता येतो. माणसाच्या चेहऱ्याला पुरेल एवढा उजेड घेतला, की त्याहून कितीतरी पटीने उजळ असलेलं आभाळ मापाबाहेर जातं. स्टुडिओच्या भाषेत आभाळ 'बर्न' होतं. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. आभाळ २५५ ला टेकलं की तिथे ढग होता की नुसती निळाई, याची खूणही उरत नाही. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या मिळतात, म्हणून तिच्यातून हरवल्यासारखे वाटणारे ढग काही प्रमाणात परत आणता येतात. मात्र जे कॅमेऱ्यात शिरलंच नाही, ते तिच्यातूनही येत नाही.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. हवेच्या सूक्ष्म रेणूंवरून प्रकाश विखुरतो तेव्हा निळा जास्त विखुरतो, म्हणून आभाळ निळं. पण धूळ, धूर आणि बाष्पाचे मोठे कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून आभाळ पांढुरकं. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, साखर हंगामात कारखान्यांचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर. गडद निळं आभाळ इथे मुख्यतः पावसाची उघडीप पडल्यावर दिसतं, आणि लग्नसराई बहुतेक त्या दिवसांत नसते.

पडद्यापासून लेअरपर्यंत

एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या काचेच्या निगेटिव्हला निळा रंग फार लवकर लागायचा. समुद्र नीट येईपर्यंत आभाळ कोरं पांढरं होऊन जायचं. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात यावर तोड काढली. समुद्राची एक निगेटिव्ह, आभाळाची दुसरी आणि कागदावर दोन्हींचा एकच ठसा. त्याने एकच आभाळ वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलं. आज अल्बम डिझायनर पेन ड्राइव्हवरचं एकच आभाळ दहा लग्नांत वापरतो, त्याचं मूळ इतकं मागे जातं.

हे तंत्र मुंबईपर्यंत यायला फार काळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. मुंबईतल्या जातीजमातींवर विल्यम जॉन्सन यांचं दोन खंडांचं पुस्तक १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून निघालं. त्यातल्या चित्रांत माणसं एका छायाचित्रातली आणि मागचा देखावा दुसऱ्या छायाचित्रातला आहे. म्हणजे आपल्या मुलखात 'कटिंग करून बॅकग्राउंड बदलणं' हे काम दीडशे वर्षांहून जुनं आहे, आणि ते माहिती म्हणून छापलेल्या पुस्तकात झालेलं आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

दुसरी वाट रंगवलेल्या पडद्याची. संस्कृतातून आलेल्या 'अंबर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, वस्त्र आणि आकाश. आपल्या भागातल्या जुन्या स्टुडिओंत हे दोन्ही अर्थ एकाच खिळ्याला टांगलेले असत. कापडावर रंगवलेले ढग, एखादं तळं, कठडा, जत्रेतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याचं विमान. या पडद्यांना मोठी परंपरा आहे ती कोल्हापूरची. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री ही जोडी संगीत नाटकांचे पडदे रंगवत होती. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी, म्हणजे बाबूराव पेंटरांनी, पुढे स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. नाटकाचं आभाळ रंगवणारा हात थेट सिनेमाच्या आभाळापर्यंत गेला. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात सुरू केली. दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबांचं विमान आभाळात चढतं. ते दृश्य जुळवलेलं आहे हे ठाऊक असूनही लोक हात जोडत. अशा आभाळाकडे पुरावा म्हणून कोणी पाहत नव्हतं.

वादाला तोंड फुटलं ते पुरावा मानल्या गेलेल्या चित्रांवरून. इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८६९ च्या पुस्तकात निगेटिव्ह जोडून चित्र रचण्याचा पुरस्कार केला. पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली, की छायाचित्र निसर्गाशी प्रामाणिक हवं. १९१७ मध्ये फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने युद्धभूमीच्या फोटोंवर दुसऱ्या निगेटिव्हमधले ढग आणि स्फोट चढवले, तेव्हा युद्धाचे अधिकृत वार्ताहर चार्ल्स बीन यांनी त्या फोटोंना खोटे म्हटलं. हर्लीचं म्हणणं होतं, की युद्ध जसं अंगावर येतं तसं एका निगेटिव्हमध्ये मावतच नाही. आज चाललेल्या वादातली जवळजवळ सगळी वाक्यं तेव्हाच बोलून झाली होती.

संगणकाचा भाग थोडक्यात. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, त्यात लेअर १९९४ मध्ये आले. मग आभाळ वेगळ्या लेअरवर ठेवून कडा ब्रशने घासण्याची पद्धत रूढ झाली. वेगवेगळ्या उजेडाचे फोटो एकत्र करणारी एचडीआरची सोय फोटोशॉपमध्ये २००५ पासून आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ल्युमिनार ४ या सॉफ्टवेअरने आभाळ आपोआप ओळखून बदलायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉपनेही 'स्काय रिप्लेसमेंट' दिलं. त्यात कड सरकवणं, कड विरवणं, आभाळाची उष्णता आणि जमिनीवरचा उजेड जुळवणं यांच्या पट्ट्या आहेत. तासांचं काम मिनिटांवर आलं. वाद पुन्हा पेटण्याचं खरं कारण हेच. पूर्वी मेहनतीमुळे जो आळा बसत असे, तो गेला.

चार बाजू

पहिली बाजू फोटोला नोंद मानणाऱ्यांची. वृत्तछायाचित्रणात चित्रात काही घालणं किंवा काढणं वर्ज्य आहे. त्यापुढे प्रश्न येतो तो नुसत्या रंगछटांचा. २०१३ मध्ये पॉल हॅन्सन यांच्या गाझातल्या अंत्ययात्रेच्या विजेत्या चित्रावर असाच आक्षेप आला. वर्ल्ड प्रेस फोटोने मूळ फाइल तपासून चित्र खरं असल्याचा निर्वाळा दिला. २०१५ मध्ये याच स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतली सुमारे २० टक्के चित्रं नियमबाह्य ठरली. त्यांतल्या काहींत छटा इतक्या गडद केल्या होत्या, की तपशीलच नाहीसा झाला होता. आभाळ काळं करताना नेमकं हेच होतं. ढग घातला नाही, फक्त होता तो गडद केला, तरी एका मर्यादेनंतर ते चित्र वेगळीच गोष्ट सांगू लागतं. निसर्गचित्रांच्या विभागासाठी फियाप, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रण-संस्थांनी २०१४ मध्ये समान व्याख्या ठरवली. तिच्यात काही जोडणं, काढणं, हलवणं बसत नाही. आपल्याकडच्या स्पर्धांतही बहुतेक हीच व्याख्या चालते.

दुसरी बाजू स्टुडिओवाल्यांची, आणि ती नीट ऐकून घ्यायला हवी. लग्नाचा अल्बम हा पंचनामा नाही, असं ते म्हणतात. नवरीच्या चेहऱ्यावर मेकअप चालतो, मंडपाला कागदी फुलं चालतात, मग मागच्या आभाळानेच काय पाप केलं? १२ बाय ३६ इंचांच्या पानावर दोन तृतीयांश जागा पांढरी राहिली तर पान रिकामं दिसतं, शाई कमी पडल्यासारखं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते आठवण सुंदर व्हावी म्हणून. शिवाय आभाळ भरायला नकार दिला, तर काम पुढच्या गल्लीत जातं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असतो, तो कॅमेऱ्यासाठी पुढे सरकत नाही. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही.

तिसरी बाजू कलावंतांची. पडदा, चित्र, निगेटिव्ह, लेअर ही त्यांच्या लेखी एकाच हाताची कामं. या भागातल्या डिजिटलवर, म्हणजे फ्लेक्सवर, ही बाजू रोज दिसते. सदलगा हे आचार्य श्री विद्यासागर महाराजांचं जन्मगाव. १० ऑक्टोबर १९४६ ला ते इथे जन्मले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये छत्तीसगडमधल्या डोंगरगडला त्यांनी देह ठेवला. भक्तांनी केलेल्या संतमहात्म्यांच्या चित्रांत मागे किरणांचं, ढगांचं आभाळ असतं. ते पाहून त्या दिवशी हवामान कसं होतं असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. ते आभाळ श्रद्धेचं आहे, आणि पाहणाऱ्यालाही ते तसंच पोचतं.

चौथी बाजू कॅमेऱ्यातच आभाळ पकडा म्हणणाऱ्यांची. सूर्याशी काटकोनात उभं राहून पोलरायझर फिरवा, वरचा भाग गडद असलेला ग्रेडियंट फिल्टर लावा, दोन-तीन उजेडांचे फोटो घेऊन जुळवा, किंवा सरळ संध्याकाळपर्यंत थांबा. अँसेल अ‍ॅडम्स यांनी १९२७ मध्ये हाफ डोमच्या कड्याचा फोटो गडद लाल फिल्टर लावून घेतला. निळं आभाळ जवळजवळ काळं झालं. त्या क्षणी तिथे कोणालाही ते काळं दिसलं नव्हतं. तरीही त्याला कोणी खोटं म्हणत नाही, कारण आभाळ तिथलंच होतं. ही बाजू मधली आहे. आभाळ परकं नको, मग ते कितीही गडद करा. गंमत म्हणजे पहिल्या बाजूला नेमकं हेच 'कितीही' खटकतं.

उजेडाचा हिशेब

नीतीचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. चारही बाजूंना मान्य होईल असा एक निकष उरतो, की आभाळ आणि जमीन एकमेकांना ओळखतात की नाही. बहुतेक बदललेली आभाळं इथे पकडली जातात, आणि हे पाहायला मोठं तंत्र लागत नाही.

सावलीपासून सुरुवात करावी. सदलगा साधारण साडेसोळा अंश अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास इथे सूर्य भरदुपारी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो. मे म्हणजे ऐन लग्नसराई. त्या दुपारी काढलेल्या फोटोत सावली पायाखाली गोळा झालेली असते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली थेट ओठांवर. त्यामागे केशरी सूर्यास्त लावला की चेहरा दुपारचा आणि आभाळ संध्याकाळचं होतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे जाणवतं.

मग क्षितिज. आभाळाचा फोटो डोंगरावरून रुंद लेन्सने घेतलेला असतो आणि नवरा-नवरी लांब लेन्सने. मागचे ढग मग खेळण्यातल्यासारखे छोटे दिसतात किंवा अंगावर कोसळल्यासारखे मोठे. क्षितिजाजवळचं आभाळ नेहमी फिकं आणि धूसर असतं. ते कापून वरचा गडद भाग थेट उसाच्या शेंड्यावर टेकवला, की फोटो कात्रण होतो.

पाण्यात मी स्वतः फसलो आहे. दूधगंगेच्या काठावरच्या एका फोटोत मी वर जांभळे ढग भरले, छपाईला पाठवले आणि पान हातात आल्यावर दिसलं, की नदीत अजून तेच पांढरं आभाळ पडलेलं आहे. घरातल्या आजोबांनी ते सगळ्यांच्या आधी ओळखलं. नदीवर जन्म गेलेल्या माणसाला पाणी कसं दिसतं ते शिकवावं लागत नाही. ते पान मी माझ्या खर्चाने पुन्हा छापलं. आता काही सॉफ्टवेअर प्रतिबिंबही बदलतात, पण आपल्या गढूळ पाण्यात प्रतिबिंब आरशासारखं पडत नाही. ते मळकट आणि लांबलेलं असतं, आणि यंत्राला तो मळ अजून जमत नाही.

सगळ्यात बारीक खूण चंद्राची. तयार आभाळांत कोर असते ती बहुधा उत्तरेकडच्या देशांत टिपलेली, उभी, धनुष्यासारखी. आपल्या अक्षांशावर बीज-तीजेची कोर पश्चिमेला बरीचशी आडवी, होडीसारखी दिसते. अल्बममध्ये ती उभी दिसली की ते आभाळ कुठल्या तरी दूरच्या गावचं आहे हे ओळखावं. ढगांचंही तेच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर चढणारा वळवाचा ढग तळाशी सपाट, काळानिळा, वर फुलकोबीसारखा फुगलेला असतो, आणि त्याच्या खाली धुळीचा पिवळा पट्टा. तयार आभाळांच्या संचांत समुद्रकिनारे आहेत, बर्फाळ डोंगर आहेत. तो पिवळा पट्टा मला अजून एकाही संचात सापडलेला नाही.

जे सुटलेलं नाही

पहिला अडसर फोनचा. वरच्या चारही बाजू गृहीत धरतात, की आधी एक मूळ फोटो असतो आणि मग कोणीतरी तो बदलतो. गुगलचं एचडीआर प्लस २०१३ पासून अनेक फ्रेम जोडून एक फोटो बनवतं, आणि आता जवळपास सगळे फोन तेच करतात. आभाळ सावरूनच फोटो बाहेर पडतो. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनवरच्या चंद्राच्या फोटोंवरून मोठा वाद झाला, की त्यातला तपशील लेन्समधून आला की यंत्राच्या शिकवणीतून. काही फोनांच्या गॅलरीतच आभाळ बदलायची सोय असते. शेतकऱ्याच्या पोराने बांधावरून काढलेल्या फोटोतलं आभाळ किती खरं, हे आता त्या पोरालाही सांगता येणार नाही.

दुसरा प्रश्न खुणेचा. फोटोवर कोणी काय केलं याची नोंद फाइलमध्येच ठेवण्यासाठी २०१९ मध्ये कंटेंट ऑथेंटिसिटी इनिशिएटिव्ह आणि २०२१ मध्ये सीटूपीए सुरू झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायकाने ती सोय असलेला कॅमेरा बाजारात आणला. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला फोटो आणि कागदावर छापलेला अल्बम या दोन्हींत फाइलमधली नोंद उरत नाही, आणि आपल्याकडे फोटो पोचतात ते याच दोन वाटांनी. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या नियम-मसुद्यात कृत्रिमरीत्या बनवलेल्या दृश्य मजकुराच्या किमान १० टक्के जागेवर तशी चिठ्ठी असावी असं सुचवलं होतं. लग्नाच्या पानावर तेवढी चिठ्ठी कोण लावणार, आणि भरलेलं आभाळ 'बनवलेला मजकूर' मानायचं की नेहमीची दुरुस्ती, हा प्रश्न त्या मसुद्याने पुढे आणला.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो, तो पुराच्या फोटोंचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं. दूधगंगाकाठचे लोक जाणतात, की पाणी चढतं ते घाटमाथ्यावरच्या पावसाने आणि वर काळम्मावाडी धरणातून सुटणाऱ्या विसर्गाने. इथे आभाळ उघडं, ऊन पडलेलं आणि पाणी मात्र उंबऱ्यापर्यंत, असंही होतं. अशा फोटोत कोणी परिणामासाठी काळे ढग भरले, तर फोटो जास्त भेदक होईल. पण तो सांगेल, की इथे पाऊस पडला म्हणून पूर आला. पुराचं कारण काय, कुठल्या धरणाचा त्यात किती वाटा, यावर दोन राज्यांत वर्षानुवर्षं वाद चालू असताना त्या कोऱ्या आभाळाला पुराव्याची किंमत आहे. जॉन्सनच्या पुस्तकाबद्दल वर म्हटलं ते इथे लागू पडतं. माहिती म्हणून ठेवलेल्या चित्रात मागचा देखावा परका असला, तर पुढची पिढी तो खरा धरून चालते. आणि मुश्कील अशी, की स्टुडिओ एकच, संगणक एकच, डिझायनरही एकच. सकाळी तो लग्नाचं पान करतो, दुपारी नुकसानीच्या अर्जासाठी पुराचे फोटो छापतो. कुठल्या फोटोला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, याचा लिखित नियम त्याच्याकडे नाही. वृत्तपत्रांचे नियम त्याला लागू होत नाहीत, स्पर्धांचेही नाहीत.

मूळ फाइल जपण्याचं कामही कोणाच्या खात्यावर नाही. अल्बम दिला की काही महिन्यांत जागा मोकळी करायला मूळ फोटो पुसले जातात, आणि उरतं ते फक्त भरलेलं आभाळ. त्यातच ही तयार आभाळं कोणाची, त्यांचा परवाना कोणी घेतला, हाही प्रश्न आहे. फोटोशॉपच्या पीएसडी फाइलींचे संच या पेन ड्राइव्हवरून त्या पेन ड्राइव्हवर जातात आणि ज्याने ते ढग टिपले त्याचं नाव वाटेत गळून पडतं.

या भागातले काही तरुण फोटोवाले आता इथलीच आभाळं जमवू लागले आहेत. मीही लागलो आहे. संगणकावर एक फोल्डर आहे, 'वळीव, बोरगाव रस्ता'. गेल्या मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास गाडी कडेला लावून काढलेले एकोणीस फोटो त्यात आहेत. प्रत्येकाच्या नावात तारीख, वेळ आणि सूर्य कुठल्या हाताला होता ते लिहिलेलं आहे. सातव्या फोटोत ढगाखाली धुळीचा पिवळा पट्टा स्वच्छ दिसतो आणि डाव्या कोपऱ्यात विजेची तार आली आहे. ती तार मी अजून काढलेली नाही.